उजव्या चाकाचं वंगण

पियुषची गाडी वाजते हे सगळ्यांत आधी कळलं रामरावाला, आणि सगळ्यांत शेवटी कळलं ते खुद्द पियुषला. त्यात पियुषचं फारसं चुकलं नाही. गाडीवाल्याचा कान गाडीतल्या गाण्याकडे असतो, आणि म्हाताऱ्याच्या कानाला घरात दुसरं काम नसतं.

भादव्याचे दिवस होते, सतरा सालचे. रामराव ओसरीत तुरीच्या तुराट्यांचा खराटा बांधत बसला होता. पियुषची पांढरी इंडिका पाराला वळसा घालून डावीकडे गल्लीत शिरली आणि तिच्या पोटाखालून आवाज आला, कट् कट् कट् कट्. गल्लीत सरळ झाल्याबरोबर थांबला. रामरावाने खराटा खाली ठेवला.

"गाडी वाजून राह्यली रे."

"गोटा अडकला असंन चाकात," पियुष किल्ली फिरवत म्हणाला.

"गोट्याचा आवाज असा नसते. उजव्या चाकात हाये. वळतानीच वाजते."

"बाबा, ही बंडी नोहे," पियुष हसला आणि जेवायला आत गेला.

बाकी कुणी असं म्हटलं असतं तर रामरावाने त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. पण पोराचं म्हणणं खरंच होतं. ही बंडी नव्हती. गावात बैलांच्या बंड्या होत्या तोवर रामरावाचा शब्द शेवटचा. जिनिंगला कापूस घेऊन वीस-वीस बंड्या निघायच्या तेव्हा हा रस्त्याकडेला डोळे मिटून बसायचा आणि बिनचूक सांगायचा, तिसऱ्या बंडीचं डावं चाक सुकलं, सातव्या बंडीची आस झिजली. लोक उलटे फिरून यायचे आणि याच्या हातचं वंगण घालून घ्यायचे. मग ट्रॅक्टर आले, पिकअप आल्या, बैल बाजारात गेले. गेल्या दहा वर्षांत रामरावाला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलंच तर बीपीची गोळी घेतली का, एवढंच.

घर चालत होतं ते गाडीवर. पाच एकर कापूस होता, पण कापसाने घर चालवायचे दिवस कधीच सरले होते. पियुष घाटंजीला बाळंतिणी न्यायचा, पोरांना परीक्षेला न्यायचा, आणि त्या वर्षी फवारणीने आजारी पडलेली माणसं न्यायचा. त्या साली कापूस माणसाच्या डोक्यावर गेला होता आणि त्यावरची अळी कशाने मरत नव्हती. सुनेने, वैष्णवीने, गाडीत एक जुनी बादली कायमची ठेवून दिली होती, ओकाऱ्यांसाठी.

आवाज वाढला तेव्हा पियुषही मुकाट झाला. शुक्रवारी तो पांढरकवड्याला निघाला, हायवेवरच्या उत्तमसिंग मिस्त्रीकडे, आणि रामराव न बोलावता पुढच्या सीटवर जाऊन बसला.

उत्तमसिंग तांड्यावरचा. काळी बनियन, कानावर बिडी. त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाला, "स्टेरिंग पुरं डावीकडे मार आन् हळूहळू गोल फिरव."

गाडी गोल फिरू लागली. कट् कट् कट्. पियुषने जरा गॅस दिला की आवाज जलद व्हायचा. मग उजवीकडे पुरं मारून फिरवली, तर गाडी चूप.

"उजवं चाक," रामराव म्हणाला.

उत्तमसिंगने त्याच्याकडे वळून पाहिलं. "बराबर, काकाजी. डावीकडे वळलं का सारा भार उजव्या चाकावर येते. कान हाये तुमाले."

एवढं बोलणं रामरावाला पुरलं. कितीतरी वर्षांनी त्याचा ऊर भरून आला. पियुष समोर नसता तर त्याने ते बोलणं पुन्हा एकदा म्हणायला लावलं असतं.

मग उत्तमसिंगने दोघांनाही चाकापाशी वाकायला लावलं आणि बॅटरी मारली. चाकाच्या आतल्या अंगाला काळं ग्रीस उडून बसलं होतं, त्यावर माती, कापसाचे तंतू. चाकामागे एक रबरी पिशवी होती, वळ्यावळ्यांची. तिला बोटभर चीर गेलेली होती.

"हा बूट. याच्या आत जॉइंट राह्यते, सहा लोखंडी गोळ्या, ग्रीसमंदी बुडून. चाक वळो का उडो, इंजिनाची ताकद याच्यातूनच चाकाले जाते. बूट फाटला, ग्रीस उडालं, माती-पानी आत गेलं. आताची नाई हे, सहा महिने झाले असंन." त्याने चिरेत बोट घातलं. "वावरात घातलती का गाडी? हे खुंटाचं काम हाये."

पियुष उठून हात झटकू लागला. त्याने बापाकडे पाहिलंही नाही, आणि तेच रामरावाला लागलं. फाल्गुनात शेवटच्या वेच्याचा कापूस गाडीत भरायचा होता. पियुष म्हणत होता, धुऱ्यावरच, बांधाशी, उभी करतो, गाठोडी डोक्यावर आणू. रामरावच वावरातून हात करत ओरडला होता, "ये, ये, काही होत नाई, इथी बंड्या फिरल्या!" कापलेल्या पऱ्हाटीचे, कापसाच्या झाडांचे खुंट वीतभर वर होते, भाल्यासारखे तिरपे. त्यावरून गाडी आली होती.

"ग्रीस भरून, नवा बूट घालून नाई का जमत?" पियुषने विचारलं.

"वाजाच्या आधी आला असता तं जमलं असतं. आता गोळ्याइनं घर खाल्लं. जॉइंटच बदलाव लागते. नागपूरहून मागवतो, सोमवारी ये." उत्तमसिंगने बिडी पेटवली. "तवरक गावातल्या गावात फिरव. आन् आवाजावर कान ठेवजो. आता वळतानी वाजते. ज्या दिवशी सरळ रस्त्यानं वाजन, त्या दिवशी जिथी असशीन तिथीच उभी कर. पुढे नेऊ नोको."

परतताना पियुषने गाणं लावलं नाही. पियुष प्रत्येक वळण लांबून, रुंद घेत होता, आणि प्रत्येक वळणावर कट् कट् ऐकताना रामराव आपल्या धोतराच्या निऱ्या मुठीत धरत होता.

शनिवारी दुपारी पियुष झोपला. सकाळी त्याने दोन फवारणीवाले घाटंजीच्या दवाखान्यात पोचवले होते. रामरावाने परसात तीन दगडांची चूल मांडली. लोखंडी कढईत एरंडीचं तेल तापत ठेवलं, जुन्या धोतराच्या चिंध्या जाळल्या, त्यात पऱ्हाटीची राख वस्त्रगाळ करून घातली आणि काडीने घोटत बसला. काळं, घट्ट, तार सुटेल असं. त्याच्या बापाने शिकवलेलं.

"काय शिजवून राह्यले?" बायको विजयमाला दारात आली. वासानेच तिला कळलं. "बंडी कुठी हाये आता?"

"तू आपलं काम कर."

"गाडीले घालता काय? पियुषले इचारलं?"

"त्यानं मले इचारलं होतं काय, गाडी घेतली तवा?"

विजयमालाने पदर नाकाला लावला. चाळीस वर्षं तिने हा हट्ट पाहिला होता. ती आत गेली.

गाडीच्या उजव्या बाजूला जॅक लावून रामराव पाठीवर झोपून आत सरकला. अडुसष्ट वर्षांची पाठ, खाली फरशीचे उंचवटे. मान वर धरता येईना, म्हणून डोक्याखाली विटेचा तुकडा घेतला. फाटलेल्या बुटातून त्याने बोटाने जुनी माती खरवडून काढली, जेवढी हाताला लागली तेवढी. मग मूठ-मूठ वंगण आत दाबत गेला. कोमट काळा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला, डोळ्यात एक थेंब गेला, तरी तो थांबला नाही. वरून सायकलची ट्यूब कापून गुंडाळली आणि सुतळीने करकचून बांधली. बाहेर निघाला तेव्हा त्याला उभं राहता येईना. भिंतीला धरून तो जरा वेळ तसाच वाकलेला राहिला. पण मन हलकं झालं होतं. खुंटावरून गाडी त्याने आणायला लावली होती, आता तिची दवाही त्यानेच केली होती.

संध्याकाळी पियुष गाडी काढून पाराला वळला, आणि आवाज नाही. तो पुन्हा वळला. डावीकडे पुरं मारून पाराला दोन फेऱ्या मारल्या. गाडी चूप.

"बाबा!" तो खिडकीतून ओरडला. "काय केलं तुमी?"

"बंडीची दवा केली," रामराव म्हणाला. हसू त्याने मिशीत दाबलं, पण ते कुणापासून लपलं नाही.

चार दिवस म्हातारा गावात मान वर करून हिंडला. पारावरची रिकामटेकडी मंडळी त्याला बसायला जागा देऊ लागली. नागोराव सगळ्यांत जास्त खूश. नागोराव त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. दोघांनी मिळून वणीपर्यंत बंड्या हाकलेल्या. आता त्याच्याकडे ना बंडी ना वावर, तो दुसऱ्यांच्या कापसावर रोजाने फवारणी करायचा. "रामराव, तू आता नागपूरले दुकान टाक," तो म्हणाला. "उत्तमसिंग येते तुह्या हाताखाली!"

सोमवारी उत्तमसिंगचा फोन आला. जॉइंट आला होता.

"आवाज बंद झाला, उत्तमभाऊ," पियुष म्हणाला. "आता गाडी उभी ठेवली तं लोकाइचे हाल होतात. दिवाळीनंतर पाहू."

"बंद झाला? आपल्या मनानं?" पलीकडून उत्तमसिंग म्हणाला. "असा बंद होत नसते तो. दाखवून तं जा."

पियुष हो म्हणाला, आणि गेला नाही.

बुधवारी रामरावाच्या वावरात फवारणी होती. नागोराव सकाळपासून पाठीवर पंप घेऊन शिरला होता. कापूस इतका वाढला होता की ओळीतून चालणारा माणूस दिसत नव्हता, फक्त वर फवाऱ्याची वाफ दिसायची आणि वाऱ्याबरोबर तीच खाली माणसाच्या अंगावर यायची. दुपारी तीनच्या सुमारास वाफ दिसेनाशी झाली. रामरावाने धुऱ्यावरून हाका मारल्या. उत्तर नाही. ओळीत शिरून पाहतो तर नागोराव पंप पाठीवर असतानाच बसला होता. अंगाला घामाची धार, तोंडातून लाळ.

"रामराव, मले दिसून नाई राह्यलं," तो म्हणाला. "सारं धुकं धुकं."

विहिरीवर नेऊन त्याला साबणाने धुतलं. त्याची बायको विमलताई निंदण सोडून धावत आली, हातात विळा तसाच. पियुषने गाडी धुऱ्यापर्यंत आणली. घाटंजीला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, इथे जमणार नाही, यवतमाळ. अँब्युलन्स दोन पेशंट घेऊन तिकडेच गेलेली होती. पियुष म्हणाला, मी नेतो.

विमलताई पुढे बसली. मागे रामराव, आणि त्याच्या मांडीवर नागोरावचं डोकं. नागोरावच्या गालाचे, हाताचे स्नायू आपोआप फडफडत होते. रामराव ते हाताने दाबून धरायचा, तर दुसरीकडे फडफडायचे.

अर्धी वाट झाली असेल. रस्ता सरळ होता, दोन्ही अंगाला सागाची झाडं. रामरावाला पायाखाली आधी थरथर जाणवली. मग आवाज. कट् कट् नव्हे, ठक्, ठक्, जड, आणि रस्ता तर काडीसारखा सरळ. आरशात पियुषचे डोळे बापाच्या डोळ्यांना भिडले. दोघांनाही उत्तमसिंगचं बोलणं आठवलं. जिथे असशील तिथेच उभी कर. पण मांडीवर माणूस होता, उभी कशी करणार?

"काय वाजते, भाऊ?" विमलताईने मागे वळून विचारलं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती रामरावाला भाऊच म्हणायची.

"काही नाई, बाई," रामराव म्हणाला. "हळू चालव रे, पियुष."

पुढे चढ लागला. पियुषने गिअर बदलला, गॅस दिला, आणि खालून लोखंड फुटल्याचा आवाज आला. इंजिन ओरडू लागलं. चाक फिरेना. चढावर गाडी थांबली, मग हळूहळू मागे घसरू लागली, तेव्हा पियुषने ब्रेक मारला आणि खाली उतरून चाकामागे दगड लावला. रामरावाने सुतळीने बांधलेली ट्यूब फाटून लोंबत होती. त्यातून काळं वंगण रस्त्यावर ठिबकत होतं.

एक जीप थांबली नाही. एका मोटारसायकलवाल्याने थांबून पाहिलं, नागोरावच्या तोंडाचा फेस पाहिला आणि गेला. पियुष फोनवर ओरडत होता. विमलताई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरून. ट्रक तिला वळसा घालून गेला. रामराव मागच्या सीटवरून हलू शकत नव्हता. मांडीवरच्या माणसाचा श्वास घरघरत होता, आणि बाहेर दिवस कलत होता. त्या अर्ध्या-पाऊण तासात त्याने आयुष्यात न केलेले नवस केले. शेवटी बकऱ्या घेऊन जाणारा एक छोटा हत्ती टेम्पो थांबला. बकऱ्या एका बाजूला दाबून नागोरावला त्यांच्या मध्ये आडवा केला. बकऱ्यांचं मूत, वाळलेला पाला, आणि त्यात नागोराव. रामराव त्याच्या तोंडावर येणारी बकऱ्यांची खुरं हाताने अडवत यवतमाळपर्यंत गेला.

दवाखान्यात नागोरावसारखे आणखी कितीतरी होते. नागोराव दोन दिवस मशीनवर राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. उशीर झाला असं कुणी म्हणालं नाही. डॉक्टर म्हणाले, विष फार गेलं होतं शरीरात. रामराव दोन दिवस दाराशी बसून वाट पाहत होता, की कुणीतरी विचारेल, यायला एवढा वेळ का लागला? कुणी विचारलं नाही.

गाडी ओढून पांढरकवड्याला नेली तेव्हाही तो सोबत गेला. पियुष नको म्हणाला, तरी गेला. उत्तमसिंगने जॉइंट खोलला. गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा फुटला होता, गोळ्यांचे टवके उडाले होते, आणि सगळ्याला काळी, करपलेली लुगदी चिकटली होती. त्याने ती अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळली, वास घेतला.

"हे काय भरलं होतं?"

पियुष खाली पाहू लागला.

"वंगण," रामराव म्हणाला. "एरंडीचं. राख घालून."

उत्तमसिंगने अंगठा फडक्याला पुसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "काकाजी," तो म्हणाला, "राखेनं तं भांडे घासतेत."

त्यानंतर रामरावाचं जेवण तुटलं. विजयमाला ताट ठेवायची, तो उचलून बाजूला करायचा. पियुष एकदा त्याच्याजवळ येऊन बसला आणि दबल्या आवाजात म्हणाला, "बाबा, कोणापाशी बोलू नका. सोमवारी म्या बी गेलो नाई. दोघंही जाऊ कामातून." नवा जॉइंट बसवून गाडी फिरू लागली होती. पाराला वळताना ती आता चूप असायची, आणि रामराव पारावरून उठून घरात यायचा.

तेरवी झाली. पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी सकाळी रामराव आंघोळ करून नागोरावच्या घरी गेला. विमलताई अंगणात एकटीच बसली होती. वावरातून आणलेला पंप भिंतीला टेकवलेला होता. तो कुणी हलवला नव्हता. तिने त्याच्याकडे पाट सरकवला. तो पाटावर न बसता खाली मातीत बसला.

"विमल, मले सांगाचं हाये," तो म्हणाला, आणि सांगत गेला. खुंट, चीर, आवाज, वंगण, सोमवारचा फोन. काही लपवलं नाही.  "मिस्त्री म्हने, आवाजावर कान ठेवजा. म्या आवाजच बुजवला. बंडी चूप तं बंडी बरी, एवढंच मले ठाऊक. नागोरावले म्या मारलं, विमल. तू मले काही म्हन. जोड्यानं मार."

विमलताई मातीत बोटाने रेघा ओढत होती. 

"आदल्या सांजेले ते डोकं धरून बसले होते," ती म्हणाली. "डोये जळजळतेत म्हने. दोनदा ओकले. म्हने, विमल, उद्या नाई जात मी, रामरावले सांगून ये."

तिने रेघ हाताने पुसली.

"मी आली नाई सांगाले. दुकानातून डोकेदुखीची गोळी आनली. दूध देल्लं. सकाऊन म्हने, आता नाई दुखून राह्यलं, बरं वाटते. म्याच डबा बांधला. म्याच पंप उचलून पाठीवर देल्ला त्याइच्या." तिचा आवाज कोरडा होता. "रोज बुडला असता, दुसरं काय झालं असतं?"

रामरावाला तिला काहीतरी म्हणायचं होतं. तुझा दोष नाही, असं. पण तोंडापर्यंत आलेलं त्याला बाहेर काढता आलं नाही, कारण तेच ती त्याला म्हणेल अशी आशा तो घरून घेऊन आला होता, आणि ती ते म्हणाली नव्हती. शिव्यांचीही तयारी होती त्याची. त्याही मिळाल्या नाहीत.

वेचायला निघालेल्या बाया गल्लीतून ओटी बांधत जाऊ लागल्या. एकीने विमलताईला हाक मारली. विमलताई उठली, लुगडं झटकलं, आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "भाऊ, तुमचं मी कोणाले सांगत नाई. माह्यं तुमी कोणाले सांगू नका."

"नाई सांगत," रामराव म्हणाला.

ती बायांच्या मागे गेली. त्याच्याच वावरात त्या दिवशी पहिला वेचा होता.